कूम येईपर्यंत

राजा बेरिस्लावनं राज्य कसं केलं, हे पाहायचं असेल तर मठात जा. तिथं सगळं भिंतभर रंगवून ठेवलंय. राजा घोड्यावर, राजा सिंहासनावर, राजा आपण बांधलेलं चर्च इवलंसं करून ओंजळीत धरलेला, देवमातेपुढे उभा. चेहरा इतका गंभीर की मला दरवेळी हसू फुटतं. हाच माणूस एकदा आमच्या चुलीपाशी बसून बुटांतलं पाणी ओतत होता आणि माझी सासू त्याच्यावर ओरडत होती, "दार कोण लावणार, तुझा नोकर?" ते काही कुणी रंगवलेलं नाही.

मी त्याचं राज्य माझ्या मुलाच्या केसांवर मोजलं. आधी कानापर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. ते कसं, ते सांगते.

माझं नाव स्ताना. आमच्याकडे मुलीमागून मुली व्हायला लागल्या की एखादीचं नाव असं ठेवतात, म्हणजे 'आता थांब'. माझ्यामागून आईला आणखी दोन मुली झाल्या. तेव्हा नावात किती जोर असतो हे मी लहानपणीच पाहून घेतलं होतं. पुढं ओब्रादशी लग्न करून मी इबार नदीच्या वरच्या अंगाला, याव्होरा गावात आले. नवरा चांगला, मेंढ्या चांगल्या, सासू तिखट पण मनानं स्वच्छ. फक्त मूल टिकेना. दोन झाली, दोन्ही पाळण्यातून गेली. तिसरा शरद ऋतूत झाला आणि सासूबाई म्हणाल्या, "हा चौरस्त्यावर जाणार."

ज्या घरात मूल जगत नाही त्या घरानं बाळाला पहाटे चौरस्त्यावर ठेवायचं आणि लपून बसायचं. पहिला जो येईल तो बाळाचा कूम. कूम म्हणजे बाप्तिस्म्याला पोराला हातात धरणारा, नाव ठेवणारा, पुढं पहिले केस कापणारा आणि लग्नात डोक्यावर मुकुट धरणारा. सख्ख्या भावाहून वरचं नातं, आणि दोन्हीकडून तीच हाक: पोराच्या बापालाही तो कूमच म्हणतो, आईला कुमा. येणारा भिकारी असो, चोर असो, वैरी असो, त्याला नाही म्हणता येत नाही आणि आपल्यालाही नाही.

देवावर भार टाकायचा म्हटलं तरी माणूस थोडी सोय लावतोच. गावात ग्रुबेशा होता. पाणचक्कीचा मालक, मधमाश्यांची पोळी भरपूर, पोट त्याहून भरपूर. सासूबाईंनी त्याला आधीच गाठला. "उजाडता उजाडता तिकडून जा. सहज चाललायस असं दाखव. पण वेळेवर ये."

त्या दिवशी धुकं इतकं होतं की स्वतःचा हात दिसेना. बाळंतिणीनं चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नसतो, पण मला घरात बसवणारं अजून कुणी जन्माला यायचं होतं. आम्ही तिघं झुडपामागे उकिडवे बसलो. बाळ रडायला लागलं. ग्रुबेशाचा पत्ता नाही. नंतर कळलं, कूम होणार म्हणून त्यानं आदल्या दिवशीच मधाची दारू पिऊन आनंद साजरा केला होता आणि तो चक्कीतच पोत्यांवर घोरत होता.

मग टापा ऐकू आल्या. लंगडणारा घोडा ओढत एक माणूस धुक्यातून आला. वय तिशीच्या आत, चिखलानं बरबटलेला, गालावर फांदीचा ओरखडा. रडणं ऐकून थांबला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि वाकून बाळ उचललं, तेही असं की मान मागे लोंबकळली.

"डोकं धर! आधी डोकं धर त्याचं!" सासूबाई झुडपातून अशा उडाल्या की घोडा बिचकला. डोकं नीट धरलं गेल्यावरच पुढचं म्हणायचं त्यांना सुचलं. "देवाच्या आणि संत योहानाच्या नावानं, कूम झालास!"

"मी?" तो म्हणाला. "आजी, शिकारीत वाट चुकलोय मी. माझी माणसं शोधत असतील."

"शोधू देत. सापडली की त्यांनाही खायला घालू."

"अहो, पण मला खरंच वेळ नाही."

"पोराला तरी कुठाय?" सासूबाई म्हणाल्या. "याच्या आधीची दोन गेली."

तो बाळाकडे बघत राहिला. मग त्यानं अंगातला झगा काढला आणि बाळाला त्यात गुंडाळलं. तेवढ्यावरच मला तो आवडला.

घरी आणून त्याला बाजरीची पेज आणि घट्ट साय घातली. दारावरून बोलणी खाल्ली ती तेव्हाच. पेज त्यानं दोनदा मागून घेतली. मग आम्ही चर्चमध्ये गेलो. पाद्रीबाबांनी पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं, "कुमाचं नाव?"

"बेरिस्लाव."

"कुठला?"

तो डोकं खाजवायला लागला. "तसा सगळीकडचाच. म्हणजे, या उन्हाळ्यापासून. वडील वारल्यापासून."

पाद्रीबाबांनी वर पाहिलं. राज्याभिषेकाला ते दुरून का होईना, हजर होते. त्यांच्या हातातली मेणबत्ती बाप्तिस्म्याच्या पाण्यात पडून विझली. ओब्राद गुडघ्यांवरच बसला. मी या माणसाला 'ताटली चाटू नका, आणखी आहे' म्हटलं होतं.

सासूबाईंनी मात्र त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "राजा काय? बरं झालं, निदान उपाशी मरणार नाहीस. पण आता नीट उभा राहा, पोराला थंडी वाजतेय."

आणि राजा नीट उभा राहिला. नाव कुमानं ठेवायचं असतं, आईबापांना विचारायचं नसतं. त्यानं थोडा विचार करून म्हटलं, "दाबिझिव." म्हणजे 'जगू दे'. माझ्या स्वतःच्या नावाचा अनुभव आठवून मी मनात म्हटलं, बघू.

आणि खरंच, दाबिझिव जगला! हिवाळा गेला, दात आले, पोरगं मेंढरांत धावायला लागलं. ग्रुबेशा रोज येऊन सुस्कारे टाकायचा, "मी कूम असतो तर याला एव्हाना मधात बुडवला असता."

"तू आधी उठायला शिक," सासूबाई म्हणायच्या.

तिसऱ्या वर्षी केस कापायचे असतात. पहिले केस कुमानंच कापायचे, दुसऱ्यानं कात्री लावली की नातं तुटलं. आणि आमचं पोरगं त्या नात्यावर जगत होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ओब्राद चीज घेऊन दरबारात निरोप द्यायला गेला. निरोप आला, 'कुमाला म्हणावं, ग्रीकांशी लढाई आहे, उरकली की येतो.'

लढाई उरकली. केस खांद्यावर आले. मग राजाचं लग्न निघालं. मग डॅन्यूबवर हंगेरीचे लोक उतरले. मग डोंगरात चांदी निघाली आणि ती खणायला परमुलखातले खाणकरी आले, त्यांची आमच्या लोकांशी हाणामारी झाली, ती मिटवायला राजा गेला. मग मठाचं बांधकाम निघालं, पांढरा दगड बैलगाड्यांतून आमच्याच घाटानं चढायला लागला. प्रत्येक वेळी चीज जायचं आणि निरोप यायचा, 'एवढं झालं की येतोच.' राज्य वाढत होतं यात वाद नाही. रस्ते सुरक्षित झाले, मेंढ्या चोरीला जायच्या थांबल्या. पण माझ्या मुलाच्या वेण्या कमरेला लागल्या होत्या. गावातली पोरं त्याला 'नवरी' म्हणायची. तो रडत यायचा, मी उवा काढत बसायचे आणि राजाला लाखोली वाहायचे.

ग्रुबेशा मेंढरांची कातर घेऊन यायचा. "एक मिनिटाचं काम आहे, स्ताना. कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हणायचे.

सहाव्या वर्षी दाबिझिवला ताप चढला. डोळे उघडेना. बायका जमल्या. म्हणाल्या, एवढ्या केसांनी डोक्यात आग कोंडलीय, काप ते. एकीनं कातर माझ्या हातात दिली. वेणी माझ्या डाव्या हातात होती, ओली, जड. कापावी तर नातं तुटणार, न कापावी तर डोक्यातली आग जाणार नाही. दोन्हीकडे माझं पोरगं मरत होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. सासूबाई कोपऱ्यातून फक्त एवढंच म्हणाल्या, "तू आई आहेस. मी यात पडत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्या कशात पडल्या नाहीत.

मी कातर खाली ठेवली. थंड पाण्यानं त्याचं एकेक केसाचं मूळ भिजवलं, वाळलं की पुन्हा भिजवलं. संध्याकाळी त्यानं डोळे उघडून दूध मागितलं. मी बाहेर गोठ्यात जाऊन मेंढीच्या गळ्यात पडून रडले.

पुढच्या वसंतात राजा आला. या वेळी वाट न चुकता, मागे घोडेस्वारांची रांग, कानशिलावर पांढरे केस, एक पाय किंचित ओढत. अंगणात उतरला आणि दाबिझिवला पाहून मोठ्यानं हसला. "अरे वा, ही कुणाची मुलगी?"

मग माझा तोल गेला. "तुमची वाट बघणाऱ्याची!" मी म्हटलं. "चार वर्षं, कूम! चार वर्षं उरकतो उरकतो करत बसलात. पोरगं तापानं जायला आलं होतं, हातात कातर धरून बसले होते मी. तुम्हाला पन्नास देशांची कामं, आणि हे एवढंसं काम होईना?"

घोडेस्वार एकमेकांकडे बघायला लागले. ओब्राद माझी बाही ओढत होता. राजाचं हसू गेलं. तो चुलीपाशी येऊन त्याच्या जुन्या जागी बसला.

"होत होतं, कुमा," तो म्हणाला. "मुद्दाम ठेवलं मी."

"काय?"

"पहिल्या लढाईच्या आधी पाय थरथरत होते. तेव्हा मनात आलं, आपल्याला अजून एका पोराचे केस कापायचेत. कूम असा अर्धवट काम टाकून मरत नाही. आणि मी वाचलो. पुढच्या लढाईलाही तेच. शेजारचे पडले, मी वाचलो. मग मला धीरच होईना कापायचा. कापले आणि दुसऱ्या दिवशी बाण लागला तर?"

सासूबाईंनी पळी खाली ठेवली. "म्हणजे आम्ही पोराचा जीव तुझ्यावर टांगलेला," त्या म्हणाल्या, "आणि तू तुझा त्याच्या वेणीवर?"

"तसंच म्हणा."

"शहाणाच आहेस. आणि उवा आम्हाला." पण त्या हसत होत्या, आणि मग मलाही हसू आवरेना. मी त्याला पेज वाढली.

"मग आता कसे आलात?" मी विचारलं.

"तापाचं कळलं. तुम्ही कातर खाली ठेवलीत, तेही कळलं. तेव्हा लाज वाटली."

त्यानं दाबिझिवला तिवईवर बसवलं. कपाळावरची, मानेवरची, दोन्ही कानांवरची अशी चार बाजूंची एकेक बट, क्रूस काढावा तशी, कापली. मग बाकीचे. आमच्याकडे हे केस आईनं झेलून जन्मभर जपायचे असतात. चौरस्त्यावर त्यानं पोराला ज्या झग्यात गुंडाळलं होतं, त्याचाच एक तुकडा मी ठेवला होता. त्यात मी केस गोळा केले आणि गाठ मारली.

राजा त्या गाठीकडे बघत होता. "माझेही आई असेच ठेवणार होती," तो म्हणाला. "कापड विणून ठेवलेलं तिनं. पण तहात मला ओलीस पाठवलं, लहान होतो, केस कापायचे राहिलेले. तिकडच्या दरबारात एका हमालानं उवा होतील म्हणून भादरले आणि झाडून बाहेर टाकले. परत आलो तेव्हा आई गेली होती. कापड तसंच पेटीत घडी घातलेलं होतं."

दाबिझिव डोक्यावरून हात फिरवत अंगणभर नाचत होता. राजा त्याच्याकडे बघून म्हणाला, "चला, आता बाण लागला तरी हरकत नाही."

बाण काही लागला नाही. त्यानं पुढं वीसेक वर्षं राज्य केलं, आणि चांगलं केलं. दाबिझिवच्या लग्नात येऊन मुकुट धरला आणि आमच्या गोल नाचात सगळ्यांची पावलं चुकवली. सासूबाई गेल्या तेव्हा मेलेल्याच्या नावानं ठेवतात ते उकडलेल्या गव्हाचं ताट त्यानं स्वतःच्या हातानं कबरीपाशी नेलं. मग एक दिवस कळलं, राजानं आपला मुकुट थोरल्या मुलाला, देसिमिरला, राजीखुशीनं दिला. ना मारामारी, ना कुणाचे डोळे काढले, आमच्या राजघराण्यात ही केवढी गोष्ट! आणि तो स्वतः आपल्याच मठात संन्यासी होणार होता.

ओब्रादला आनंद झाला. मला नाही. संन्यास घेतला की सगळं तुटतं. तो कुणाचा बाप नाही, कुणाचा राजा नाही, कुणाचा कूम नाही. नावही बदलतं. मुलगा आता मोठा, दोन पोरांचा बाप होता, त्याची मला काळजी नव्हती. मला वेगळंच टोचत होतं. संन्यास देतानाही केस कापतात, अगदी तशाच चार बटा, चार बाजूंच्या. ते कोण झेलणार?

मी पेटीतून तो झग्याचा तुकडा काढला, दाबिझिवचे केस एका कोपऱ्यात बांधले आणि मठाची वाट धरली. "तुला आत कोण घेणार?" ग्रुबेशा म्हणाला. तोही म्हातारा झाला होता, पण बैलगाडीत बसवून त्यानंच नेलं मला, आणि या वेळी उजाडायच्या आत दारात हजर होता.

चर्च सरदारांनी आणि बिशपांनी भरलेलं. बेरिस्लाव साध्या सदऱ्यात, अनवाणी उभा. मठाधिपती कात्री खाली टाकतात आणि संन्यास घेणाऱ्यानं ती उचलून परत त्यांच्या हातात द्यायची असते. असं तीनदा, म्हणजे माणूस स्वखुशीनं आलाय हे सगळ्यांना दिसावं. त्यानं तिसऱ्यांदा कात्री उचलून दिली तेव्हा मी लोकांना कोपरानं ढकलत पुढं गेले आणि त्याच्याशेजारी दोन्ही हातांवर कापड पसरून उभी राहिले.

"बाई, हे काय?" मठाधिपती म्हणाले.

"केस झेलायला आलेय."

"कोण तुम्ही यांच्या?"

"कुमा."

"संन्याशाला कूम नसतो, बाई."

"कात्री अजून उघडीच आहे की," मी म्हटलं. "ती मिटेपर्यंत तरी हे माझे कूम आहेत. आणि यांना आई नाही."

मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी गप्प केलं. बेरिस्लावनं मान वळवून माझ्या हातांकडे पाहिलं. ते कापड त्यानं ओळखलं. मठाधिपतींनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिली बट कापली. ती मी झेलली. मग दुसरी, तिसरी, चौथी. पांढरे, मऊ केस होते. मी दुसऱ्या कोपऱ्यात बांधले. त्यानंतर तो माझा कूम राहिला नाही, आणि मी समाधानानं घरी आले.

संन्याशाचे केस पुन्हा कुणी कापत नाही. दोन वर्षांनी मी मेण पोचवायला मठात गेले तेव्हा दाबिझिवचा धाकटा माझ्याबरोबर होता. कूमपण बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून त्याचा कूम नवा राजा देसिमिर, आणि उशीर करण्यात अगदी बापावर गेलेला, त्यामुळं पोराच्या वेण्या पाठीवर लोळत होत्या. वाफ्यात एक म्हातारा संन्यासी कांदे निंदत बसला होता. त्याचे पांढरे केस पार पाठीपर्यंत आले होते.

आता ओळख दाखवायची नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी मान लववली, त्यानं मान लववली. पण पोरगं कुठलं गप्प बसतंय! ते वाफ्याच्या कडेला जाऊन उभं राहिलं, म्हाताऱ्याचे केस नीट बघितले आणि म्हणालं, "तुमचा पण कूम आला नाही का अजून?"

म्हाताऱ्यानं खुरपं खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"नाही रे," तो म्हणाला. "पण निघालाय म्हणे. येईलच आता."

"माझापण येणार आहे," पोरगं म्हणालं, आणि त्याच्या शेजारी बसून कांदे निंदायला लागलं.